इंजिनाच्या जागी मीठ

मी एक जुनी रेसची गाडी आहे. छप्पर नाही, चाकं अंगाबाहेर आणि बसायला एकच जागा. भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात, स्टीलची भांडी घडवणाऱ्या कारखान्यांच्या खडखडाटात माझा जन्म झाला. मित्रांनो, आज माझ्यावर भांड्यांची खोकी रचून ठेवतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. नाहीतर तुमचा विश्वास बसायचा नाही.

मला आत्मारामकाकांनी घडवलं. ते कारखान्यात फिटर होते आणि उरलेल्या वेळात माझे होते. एकेक पाइप कापून, जोडून त्यांनी माझा सांगाडा उभा केला. त्यांची पुतणी स्वप्नाली मला चालवणार होती. तिनं माझ्या नाकाला पिवळा रंग दिला, तेव्हा मी किती मिरवले म्हणून सांगू! २००६चा मोसम जुलैत सुरू होणार होता. त्याआधी चेन्नईकडच्या ट्रॅकवर चाचणी होती. तिथे वीस फेऱ्या नीट पुऱ्या करणाऱ्यालाच शर्यतीत घेणार होते. घरच्यांनी स्वप्नालीला हे एकच वर्ष दिलं होतं. नाही जमलं तर पुढे रेसचं नाव काढायचं नाही.

पण मला इंजिनच नव्हतं. सगळ्या गाड्यांना सारखंच इंजिन, तेही एकाच पुरवठादाराकडून, असा नियम होता. एप्रिलमध्ये येणारं इंजिन मे संपला तरी आलं नाही. काका फोन करायचे आणि पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, "अगले हफ्ते पक्का."

काका स्वस्थ बसणारे नव्हते. इंजिन येईल त्या दिवशी नुसते बोल्ट आवळायचे राहावेत, म्हणून त्यांना माझ्या स्प्रिंगा आधीच बसवून घ्यायच्या होत्या. त्यासाठी इंजिनाच्या जागी, म्हणजे माझ्या पाठीत, तेवढंच वजन ठेवावं लागतं. शेजारचे महिपत मिठागरावर कामाला होते. ते म्हणाले, "वाळू कुठे शोधत बसतोस? मीठ ने ना, पायजे तेवढं." काकांना ते पटलं. दोन गोणी तोलून माझ्या पाठीत ठेवल्या. स्प्रिंगा दोन दिवसांत जमल्या. गोणी मात्र तिथेच राहिल्या, कारण इंजिन पुढच्या आठवड्यात येणारच होतं.

जून उजाडला. हवा दमट झाली आणि मिठाला पाणी सुटलं. ते खारं पाणी थेंब थेंब माझ्या मागच्या उजव्या चाकाच्या जोडात मुरत गेलं. मला ठणका लागायचा. पण इंजिनाशिवाय मला आवाज कुठला? ओरडणार तरी कशी?

चाचणीला चार दिवस उरले असताना इंजिन आलं. गोणी उचलल्यावर स्वप्नाली खाली वाकली.

"काका, इथे पोपडा आलाय."

"वरचा गंज आहे गं. जरा पॉलिश पेपर मार आणि रंग देऊन टाक. उद्या ट्रक सुटतोय."

तिनं अगदी मायेनं रंग दिला. इंजिन बसल्यावर काकांनी ते चालू केलं, त्याला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि मूठ कानाला लावून ऐकत राहिले. "मस्त बोलतंय!" ते म्हणाले. माझ्या जोडाला कोणी कान लावला नाही, याचा राग मला अजून आहे.

ट्रॅकवर मी पळाले. खरं सांगते, तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. अकरा फेऱ्या झाल्या. बाराव्या फेरीत, वळणावर, तो जोड तुटला. मागचं चाक निखळलं आणि मी भिंतीवर गेले. माझं नाक चेपलं. त्यात तिचा पाय होता.

इंजिनाला ओरखडाही नव्हता. ते काढून दुसऱ्या गाडीला दिलं आणि ती मोसमभर धावली. स्वप्नाली आठ महिने अंथरुणात होती. आता ती काठी टेकत चालते आणि मीरा रोडच्या एका दुकानात काम करते. गाळ्यातले सगळे अजून त्या पुरवठादाराच्या नावानं बोटं मोडतात. काका मान डोलावतात, पण माझ्याजवळ येत नाहीत.

परवा ती आली. खोकी सरकवून माझ्याशेजारी बसली आणि तुटलेल्या जोडावरचा रंग नखानं काढू लागली. आतला पाइप पापडासारखा चुरला.

"काका," ती म्हणाली, "मी तेव्हा नीट घासलंच नव्हतं."

काका दारातच उभे होते. "मीच म्हटलं होतं ना, रंग दे म्हणून," ते म्हणाले आणि उंबऱ्यावर बसून रडायला लागले.

मित्रांनो, गंज दिसला तर त्यावर रंग देऊ नका. आधी खरवडून बघा. त्या दिवशी अर्धा तास लागला असता.