पेंटरची दाढी

ओरखडा असो की परातीएवढा पोचा, पेंटरच्या हाताखालून गेली की गाडी कशी नवी कोरी होऊन बाहेर पडायची. पुट्टी भरायची, घासायची, डोळे मिटून तळहात फिरवायचा, बारीकसा खड्डा लागला की पुन्हा पुट्टी. गॅरेजात त्याच्या हाताला तोड नव्हती आणि दाढीलाही नव्हती. डोळ्यांखाली सुरू व्हायची ती थेट शर्टाच्या पहिल्या बटणापर्यंत. वीस वर्षांत तिला कात्री लागली असेल, वस्तरा कधीच नाही.

असा हा गृहस्थ घरी आला की पोरीच्या चेहऱ्यावर भाषण द्यायचा. पोरगी सतरा वर्षांची. दोन वर्षं झाली, कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडे मुरुमांनी मुक्काम ठोकलेला. "तोंड नीट धुवत नाहीस. सारखे वेफर्स खातेस. आमच्या घराण्यात कुणाला असलं काही नव्हतं!" हे शेवटचं वाक्य जरा मोठ्यानेच यायचं, आणि स्वयंपाकघरात बायकोच्या हातून त्याच वेळी हमखास एखादं भांडं आपटायचं.

पोरीने ऐकलं हो त्याचं. वेफर्स सोडले. दिवसातून सहा-सहा वेळा तोंड घासलं, सालटं निघेपर्यंत. मुरुम जागचे हलले नाहीत. मग वर्गातल्या एका दिवट्याने तिचं नाव 'खडीचा रस्ता' ठेवलं, आणि गेले आठ दिवस ती कॉलेजलाच गेली नव्हती. डॉक्टरकडे जाऊ या म्हणाली, तर बाबा म्हणाला, "एवढ्या-तेवढ्याला डॉक्टर कशाला? वय झालं की जातात."

म्हणतात ना, आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून! याचं काय झाकलेलं होतं, ते कळायला गॅरेजात नवी रंगखोली यावी लागली.

खोली चहूबाजूंनी बंद, आणि आतला रंग फुप्फुसाला वाईट. म्हणून मास्क आला, आणि तो तोंडाला घट्ट बसतो का ते तपासायला एक बाई आल्या. त्यांनी पेंटरला मास्क चढवला, डोक्यावरून प्लास्टिकचं पारदर्शक टोपडं घातलं आणि आत कडू फवारा सोडला.

"कडू लागतंय?"

"छे! अजिबात नाही," पेंटर म्हणाला, आणि मास्कच्या वर त्याचे डोळे एरंडेल प्यायल्यासारखे गच्च मिटले. सगळं गॅरेज खो खो हसलं.

"दाढीतून हवा आत जातेय," बाई म्हणाल्या. "उद्या गुळगुळीत करून या."

मालक उदार माणूस. "दाढीच प्यारी असेल तर ठेव बाबा," ते म्हणाले. "गाड्या धुवायला माणूस कमीच आहे."

पेंटरच्या तोंडचं पाणी पळालं. वीस वर्षांचा हात पाण्याच्या नळीवर घालवायचा? पण खरं सांगायचं तर मालकाचं त्याला तेवढं वाटत नव्हतं. त्याला भीती होती ती पोरीची.

घरी आल्या आल्या त्याने बायकोला बाजूला घेतलं. "एक सांगायचंय. माझ्या दाढीखाली ना, जरा..."

"खड्डे आहेत. उजव्या गालावर जास्त," बायको कांदा चिरता चिरता म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

"अहो, वीस वर्षं संसार केलाय की पत्रव्यवहार?"

पेंटर ओशाळला. बायकोने सुरी खाली ठेवली. "लग्नाआधी तुम्ही मान खाली घालून बोलायचात. मला वाटलं, काय संस्कारी मुलगा आहे!"

"संस्कार कसले, खोलीत उजेड फार होता."

बायकोला हसू आलं, पण टिकलं नाही. "तुम्ही इतकं जपत होतात, म्हटलं जपू दे. पण पोरीला घराण्याचं ऐकवता तेव्हा माझा जीव तुटतो. चूक माझीही आहे. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

दाढी उतरायला तासभर लागला, दोन ब्लेड गेली. पेंटर टॉवेल गालाला धरून बाहेर आला. टेबलाशी पोरगी बसली होती. त्याने टॉवेल काढला. दोन्ही गाल खोल, जुन्या व्रणांनी भरलेले, आणि जबड्याच्या कडेला दोन नवे मुरुमही होते.

"ओळखू येतो का?" तो हसत म्हणाला.

पोरगी हसली नाही. "हे कधीपासून?"

"तुझ्याएवढा होतो तेव्हापासून. मीही घासायचो, फोडायचो. मित्राच्या लग्नाला गेलो नाही, फोटो काढतील म्हणून. दाढी आली तेव्हा वाटलं, सुटलो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं." तिचा आवाज चढला नाही, आणि तेच पेंटरला जास्त लागलं. "दोन वर्षं मला वाटतंय की मीच घाणेरडी आहे. मीच काहीतरी करते म्हणून होतंय."

पेंटरचे डोळे भरून आले. "चुकलो गं," तो म्हणाला. "माझ्याकडून तुला आलं, हे मला बोलवेना."

"उद्या डॉक्टरांकडे चला," ती उठत म्हणाली. "त्यांनी विचारलं ना, घरात कुणाला होते का, तर तोंड तुम्ही उघडायचं." आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फवारा कडू लागला नाही. दुपारी दोघं डॉक्टरबाईंच्या समोर बसले. बाईंनी पोरीचा चेहरा भिंगातून पाहिला. "घासून घासून आणखी चिघळवलंयस. धुऊन जाणारं दुखणं असतं तर मी दवाखाना बंद करून घरी बसले असते. यात तुझा काही दोष नाही, बाळा. औषधाने हळूहळू कमी होईल. बरं, घरात आणखी कुणाला होते?"

खोलीत चांगला लख्ख दिवा होता. पेंटरने मान वर केली. "मला. अजूनही आहेत."

"मग तेव्हा काय उपाय केलात?"

"दाढी ठेवली."

डॉक्टरबाई हसल्या, पेंटरही कसानुसा हसला. पोरगी अजून रागातच होती. बापाकडे तिने पाहिलंही नाही. फक्त आपली खुर्ची जराशी मागे सरकवली आणि डॉक्टरबाईंना म्हणाली, "आधी बाबांचं बघा."