गालातला घास

"खाल्लं समदं. वाटी बघ, लख्ख हाय," सत्यभामाबाई म्हणाल्या.

उज्ज्वलानं वाटीकडे पाहिलंच नाही. तिनं सुरजच्या गालात बोट घातलं आणि खिचडीचा अख्खा घास बाहेर काढला.

"तुला कशावरच इस्वास न्हाई गं," सासूबाई म्हणाल्या. "माझी पोरं काय वाऱ्यावर वाढली?"

"त्यांनी गालात साठवलं नसेल, आत्या."

"साठवलं आसंल की. आमी कुठं बोट घालून बघितलं?"

उज्ज्वला हसली आणि तिनं सुरजचं तोंड पुसलं. सोमवारी तिला पुण्याच्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. नवरा रामेश्वर माजलगावला साखर कारखान्यात, ऐन हंगामात. पुण्यात मैत्रिणीच्या खोलीत तिची सोय झाली होती, पण वर्षाच्या लेकराची नाही. म्हणजे सुरज इथं चकलांब्यात राहणार, आणि त्याच्या गालात बोट घालून बघणारं कुणी नसणार.

वाट एकच उरली होती. संभाजीनगरची एक कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी छोटे संगणक बनवायची. तिथल्या विजयसिंहांनी नव्या बोर्डाचा एक नमुना तिच्याकडे पाठवला होता. दुधाच्या टाकीचा तापमापक त्या बोर्डाच्या दुसऱ्या पोर्टाला जोडायचा होता आणि संगणकाला ते पोर्ट दिसतच नव्हतं. आज संध्याकाळपर्यंत ते दिसलं, तर घरी बसून करायचं काम तिला मिळणार होतं.

कॉलेजात शिकताना तिला एका गोष्टीची गंमत वाटायची. संगणक सुरू होतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमला त्या यंत्रातलं काहीच ठाऊक नसतं. नव्या सुनेसारखी ती उंबऱ्यात उभी असते. तिच्याआधी जागं झालेलं फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच भरून ठेवलेला प्रोग्राम, तिला सांगतं, मेमरी इथून तिथपर्यंत, घड्याळ तिकडं, पोर्ट अमक्या पत्त्यावर. हे सगळं ते एका टेबलात मांडून ठेवतं आणि सिस्टिम त्यावर भरवसा ठेवून संसाराला लागते. सासूनं एखादा डबा सांगितलाच नाही, तर सुनेच्या लेखी तो घरात नसतोच.

ह्या बोर्डाच्या टेबलात एकच पोर्ट होतं. पोर्टं सांभाळणारी चिप वेगळी असते. तिची स्वतःची रजिस्टरं असतात, म्हणजे आतले छोटे कप्पे, आणि त्यात खरं काय ते असतं. उज्ज्वलानं थेट तिथंच विचारायचं ठरवलं होतं. पण अशा चिपा ठरावीक खुणेनं दार वाजवल्याशिवाय बोलत नाहीत. कंपनीच्या जुन्या बोर्डाच्या चिपेची खूण तिनं वापरली, तर प्रत्येक कप्प्यातून एकच उत्तर आलं, जे रिकाम्या जागेतून येतं. मग घाईनं तिनं चार इतर पत्ते चाचपले आणि बोर्ड गारठल्यासारखा थिजला. वीज काढून पुन्हा जोडावी लागली.

तिनं फोन लावला.

"टेबलात एकच आहे ना मॅडम? मग एकच आहे," विजयसिंह म्हणाले.

"बोर्डाच्या कडेला सॉकेटं दोन आहेत, सर."

"सॉकेट नुसतं बसवलेलं असू शकतं. चिप तर जुनीच आहे. जमत नसेल तर तसं कळवा, आम्ही दुसरीकडे बघतो."

"संध्याकाळ व्हायची आहे अजून," उज्ज्वला म्हणाली आणि फोन ठेवला.

सुरजला कडेवर घेऊन ती अंगणात आली. सासरे बंकट मेंढ्यांच्या वाड्याच्या कुडापाशी बसले होते. सकाळी एका मेंढीला मेलेलं कोकरू झालं होतं. त्यांनी त्याच्या अंगाचा ओलावा एका विकत आणलेल्या पोरक्या कोकराला चोळला आणि ते तिच्यापुढं सोडलं होतं. मेंढी आता त्याला चाटत होती.

"घेतलं का मामा तिनं?"

"घेतंय की. वास तिच्याच पोराचा हाय."

"आणि कान?" कोकराच्या डाव्या कानाला कातर होती. ती लिंबागणेशच्या म्हाळूच्या कळपाची खूण.

"कान बघाय मेंढी काय म्हाळूच्या घरची हाय?" बंकट हसले. "तुझ्यासारखी आसती, तर कान धरून बघितलं आसतं आन् माझं काम बिघडवलं आसतं."

उज्ज्वला हसता हसता थांबली. नव्या बोर्डालाही कुणी जुन्या बोर्डाचं टेबल चोळून पाठवलं असेल तर? सिस्टिमनं वास घेतला, तिनंही घेतला, विजयसिंहांनीही घेतला. कान कुणीच बघितला नाही.

"आत्या, ह्याला धरा जरा," ती ओसरीवरच्या सासूबाईंना म्हणाली.

"आन् गालात बघू का?"

"बघा."

आत येऊन तिनं मोबाईलची बॅटरी बोर्डावर धरली. काळ्या चिपेवर बारीक अक्षरं होती आणि ते नाव जुन्या चिपेचं नव्हतं. तिनं त्या नावाचं माहितीपत्रक शोधलं, दार वाजवायची खूण वाचली, पुन्हा वाचली. ह्या वेळी ती इकडंतिकडं चाचपडली नाही. दार वाजवलं आणि आधी फक्त ओळख विचारली. चिपेनं ती दिली, माहितीपत्रकात होती तीच. मग तिनं दुसऱ्या पोर्टाचा कप्पा उघडला. पत्ता बरोबर होता, चालू-बंदच्या जागी शून्य होतं. पोर्ट होतंच. त्याला कुणी उठवलं नव्हतं.

शून्याच्या जागी तिनं एक लिहिला, सिस्टिमला तो पत्ता सांगितला आणि तापमापकाचं टोक मुठीत धरलं. पडद्यावर आकडा उमटला आणि हळूहळू चढू लागला. बोर्ड बंद करून पुन्हा चालू केला, तरी तिचा छोटा प्रोग्राम आधी ओळख विचारून पोर्ट उठवत होता. तेव्हा कुठं तिनं सगळं पाठवून दिलं.

उन्हं कलायच्या आत फोन आला.

"चिप बदललीय हे आम्हालाच ठाऊक नव्हतं," विजयसिंह म्हणाले. "टेबल जुनंच चिकटवलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी बघितलं."

"बरं. सोमवारपासून आमच्याकडे चालेल? घरूनच."

"चालेल. तेवढं लेखी पाठवा, सर."

ते हसले, पण पाठवलं. तिनं ते वाचलं, रामेश्वरला कळवलं आणि पुण्यासाठी भरलेली पिशवी उलटी करून कपडे पुन्हा फडताळात ठेवले.

ओसरीवर सत्यभामाबाई सुरजला दूधभात भरवत होत्या. सुनेला बघताच म्हणाल्या, "मी बघितलंय बोट घालून. काय न्हाई गालात."

"बरं झालं, आत्या," उज्ज्वला म्हणाली, खाली बसली आणि दुसऱ्या गालात बोट घातलं.