झाकण कोणी उघडं ठेवलं?

भिवंडीजवळ वडप्याला धनेशने बंगला बांधला तेव्हा पुढे हिरवळ हवी हा हट्ट त्याचा, आणि मागे थोडी माती मोकळी राहू दे हा त्याच्या आईचा, कमळचा. मुलाची हिरवळ झाली आणि आईला मागच्या दारी भाजीचा वाफा मिळाला. शेतं गोदामांखाली गेल्यापासून कमळच्या हाताला मातीचं एवढंच काम उरलं होतं. उजाडताच ती रबरी नळी खांद्यावर टाकून निघायची. आधी वांगी-मिरची, मग कुंपणाची जास्वंद, आणि शेवटी मुलाची ती हिरवळ. कुणी मदतीला आलं की म्हणायची, "तू जा, तुला न्हाय जमायचं."

मग धनेशने पाणी सोडायचा कंट्रोलर आणला. पंपाच्या खोलीबाहेर भिंतीवर झाकणाचा मोठा राखाडी डबा बसवला. आत कंट्रोलर, बाजूला त्याच्यासाठी सॉकेट, आणि खालून निघालेल्या वायरी जमिनीतल्या व्हॉल्व्हपर्यंत. हिरवळीला फवारे, जास्वंदीला आणि भाजीला ठिबकच्या नळ्या.

"आता तू आराम कर, आई. वेळ झाली की पाणी आपोआप सुटेल," धनेश म्हणाला.

"मी कधी म्हटलं, मी दमले म्हणून?" कमळ म्हणाली.

ती एवढंच बोलली होती, पण ते घरात सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

थोडे दिवस यंत्र बरं चाललं. मग त्याला काय झालं कोण जाणे. कधी स्क्रीन कोरी पडे, कधी लावलेल्या वेळा पुसून जात, आणि हिरवळ दुपारी तहानलेली दिसे. धनेशने फ्यूज बदलला, मग ट्रान्सफॉर्मर नवा आणला, मग दुकानदाराशी फोनवर भांडला. आठवडाभर ठीक, की पुन्हा तेच.

कमळला वायरीतलं कळत नव्हतं. तिला एक दिसत होतं, की डब्याचं झाकण सकाळी बरेचदा उघडं लोंबत असतं. आत दव बसलेलं असे, मुंग्यांची रांग लागलेली असे. ती फडक्याने डबा पुसायची, मुंग्या झटकायची आणि झाकण लावून टाकायची. झाकण कोण उघडं ठेवतं तेही तिला ठाऊक होतं. तिचा नवरा, ज्याला अख्खं गाव भाऊ म्हणे, त्याने नवी पांढरी गाडी घेतली होती आणि ती धुवायला प्रेशरचं मशीन. त्या मशीनचा प्लग तो डब्यातल्या सॉकेटच्या रिकाम्या जागी खुपसायचा. जाड वायर बाहेर आली की झाकण लागत नसे, आणि गाडी धुऊन झाल्यावर ते लावायचं भाऊंच्या ध्यानात राहत नसे. यात सांगण्यासारखं काही आहे असं कमळला वाटलंच नाही. नवऱ्याने उघडं टाकलेलं झाकत जाणं तिला नवं नव्हतं.

नात पूर्वी हिचा वाढदिवस आला. संध्याकाळी हिरवळीवर खुर्च्या मांडून पाहुणे बसवायचे ठरलं होतं. सून रुचिकाचे आईवडील आणि तिचा भाऊ कुणाल आदल्या दिवशीच कल्याणहून आले होते. सकाळी दार उघडलं तर हिरवळीचा चिखल झालेला, आणि गच्चीवरची टाकी ठणठणीत कोरडी. पुढच्या फवाऱ्यांचं पाणी सुटलं ते बंदच झालं नव्हतं. घरात व्याही आणि तोंड धुवायला पाणी नाही.

धनेश तणतणत डब्यापर्यंत जाऊन आला. मग ओट्यावर बसून त्याने मोबाइलवर अंगणातल्या कॅमेऱ्याचं, सकाळच्या वेळेचं तेवढं रेकॉर्डिंग काढलं, मागे मागे नेलं आणि एका जागी थांबवलं.

"आई, इकडे ये."

कमळ चहाचा ट्रे ठेवून गेली. पडद्यावर तीच होती. हातात फडकं, डब्यात हात घातलेला.

"ही कोण आहे?"

"मीच हाय. झाकण लावते."

"झाकण लावतेस? रोज? ही बघ काल, ही परवा. तुला हे मशीन पहिल्यापासून नको होतं ना? मग सरळ सांगायचं. असं आतून बिघडवायचं कशाला?"

"धनेश!" रुचिका म्हणाली. तिचे आईवडील कपातल्या चहाकडे बघत राहिले.

"मी काय बिघडवलं न्हाय," कमळ म्हणाली. "उघडं असतं म्हणून लावते."

"उघडं कोण ठेवतं मग? भूत?"

कमळने भाऊंकडे पाहिलं. भाऊ समोरच्याच खुर्चीत होते. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि सावकाश प्यायला सुरुवात केली. व्याह्यांसमोर नवऱ्याचं नाव घेणं तिच्या जिभेवर येईना. ते आपणहून बोलतील म्हणून ती थांबली. बशी रिकामी झाली, भाऊंनी मिशी पुसली आणि म्हणाले, "जाऊ दे रे, धनेश. बाईमाणूस हाय. तिला काय कळतंय त्यातलं!"

कमळ आत गेली. दिवसभर तिने पुऱ्या लाटल्या, पाहुण्यांना आग्रह केला, आणि कुणाशी नजर मिळवली नाही.

दुपारची जेवणं झाल्यावर कुणालने डबा उघडला. तो एका कंपनीत इलेक्ट्रिक पॅनल बनवायच्या कामावर होता. बसून कंटाळला होता, म्हणून मीटर घेऊन गेला. सगळे मागोमाग गेले. कमळ मागच्या दारात उभी राहिली.

"हे बघा," कुणाल म्हणाला. "पुढच्या व्हॉल्व्हला करंट सोडणारा भाग जळून शॉर्ट झालाय, म्हणून पाणी बंद झालं नाही. हे हाताने बिघडवलेलं नाही. लाइनमधून झटके बसलेत, एकदा नाही, बऱ्याचदा. आणि ओल शिरलीय, मुंग्या भाजल्यात." त्याने सॉकेटवर बोट ठेवलं. "इथे दुसरं काही लावता का? मोटर असलेलं? ती चालू-बंद होताना असे झटके मारते."

भाऊ गाडीकडे बघत होते.

"यांचं गाडी धुवायचं मशीन," कमळ दारातून म्हणाली. "रोज लावतात. झाकण तेच उघडं ठेवतात."

धनेशने वडिलांकडे पाहिलं. भाऊंनी डोक्यावर हात मारला आणि ते हसायला लागले. "अरे तिच्या! ते मशीन व्हय? मला काय ठाव त्यानं हे जळतं म्हणून!"

आणि सगळे हसले. व्याही हसले, रुचिका हसली, कुणाल हसला. धनेश तर वडिलांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "बाबा, तुम्ही पण ना! कमाल आहे तुमची!"

कमळला वाटलं, आता तो वळून आपल्याकडे बघेल. तो वळला खरा. "आई, वाढदिवसाचा केक फ्रिजमध्ये ठेवलास ना?" त्याने विचारलं.

खुर्च्या गच्चीवर नेल्या, वाढदिवस झाला. दुसऱ्या दिवशी धनेश आणि कुणाल भिवंडीला जाऊन सामान घेऊन आले. कंट्रोलरला वेगळी लाइन ओढली, तिला स्वतःचा ब्रेकर दिला, झटके अडवणारं उपकरण बसवलं, अर्थिंग नव्याने केलं. जळका बोर्ड बदलला. वायरींच्या भोकांना रबर लावून मुंग्यांची वाट बुजवली, वायरी खाली वळवून घेतल्या, म्हणजे पावसाचं पाणी आत न शिरता तिथूनच टपकेल. भाऊंच्या मशीनसाठी गाडीजवळ वेगळा पॉइंट काढला. झाकणाला कुलूप लावून किल्ली धनेशने आपल्या जुडग्यात अडकवली.

पाहुणे गेल्यावर रुचिका म्हणाली, "आई, मनावर घेऊ नका. त्यांचा स्वभाव माहितीय ना."

कमळने मान हलवली. भाऊ पान लावत बसले होते, त्यांच्यासमोर ती जाऊन उभी राहिली.

"तुमी तवा का बोललात न्हाय?"

"काय बोलायचं? पोराच्या सासरच्यांसमोर माझी काय पत राहिली असती?"

"आन माझी?"

भाऊंना प्रश्न खरोखरच समजला नाही. चुन्याचं बोट पानावर फिरवत ते म्हणाले, "तुझं काय? तू आई हायस."

त्यानंतर कंट्रोलर एकदाही बिघडला नाही. धनेश येणाऱ्याजाणाऱ्याला तो कौतुकाने दाखवी. वांग्यांचा बहर सरला, कमळने झाडं उपटली आणि पुढचं बी टाकलं नाही. रोज सकाळी ठिबकच्या नळ्या रिकाम्या मातीवर थेंब थेंब पाणी सोडत, आणि तिथे गवत माजत गेलं.

एकदा धनेश मागच्या दारी आला आणि थबकला. "आई, काही लावलं नाहीस?"

"न्हाय."

तो वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला. "मग इथे पेव्हर ब्लॉक आणि वर पत्रा टाकू का? बाबांची गाडी उन्हात असते."

कमळ दोरीवरचे कपडे काढत होती. "टाक," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात माणसं आली आणि त्यांनी माती उचलून नेली.