खर्च शून्य

घरातली एखादी वस्तू सापडेनाशी झाली की ती आता आधी नवऱ्याच्या गाडीत शोधायची. गाडी म्हणजे काही खरी नव्हे. रिमोटवर चालणारी, हातभर लांबीची, जाडजूड चाकांची गाडी. सपाट रस्त्यावर ती रडतखडत जाते आणि समोर दगड आला की हिच्या अंगात येतं. एक चाक वर, एक चाक खाली, असं करत ती त्यावर चढते, आणि आजूबाजूला उभी असलेली पन्नाशीची माणसं श्वास रोखून बघत राहतात. तिचा नवरा त्या माणसांपैकी एक होता.

या गाडीसाठी बाजारात तयार सामान मिळतं. पण ते विकत घेणं म्हणजे नवऱ्याच्या मते हात असून लुळं असल्याचा कबुलीजबाब. म्हणून भांडी घासायचा नवाकोरा स्पंज गेला, तो टायरच्या आत भरलेला सापडला. स्पंज फार मऊ पडला म्हणून मग तिच्या शिवणाच्या डब्यातले खांद्याचे पॅड गेले. भाजी चिरायचा प्लास्टिकचा बोर्ड कापून गाडीच्या पोटाखाली लागला, कारण तो दगडावरून छान घसरतो म्हणे. स्वेटर विणायच्या सुयांच्या चाकं जोडायच्या दांड्या झाल्या. पडद्याच्या दुमडीत घालायची शिशाची साखळी पुढच्या चाकांत गेली, कारण तोंडाकडे वजन असलं तर गाडी चढावर उताणी पडत नाही. आणि दात घासायच्या ब्रशचा दांडा मेणबत्तीवर वाकवून बंपर झाला. ब्रश जुना होता, असं नवऱ्याचं म्हणणं. तिचं म्हणणं वेगळं होतं, पण ते कोण विचारतो?

नवरा झेरॉक्स मशीनं दुरुस्त करायचा. पूर्वी त्याला फोन खाली ठेवायला फुरसत नसे. आता लोक कागदच कमी काढतात, त्यामुळे आठवड्यातून एखाददुसरं बोलावणं यायचं आणि उरलेला वेळ गाडीला. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत रविवारी ही मंडळी जमत. तिथे त्याला सगळे फुकटमास्तर म्हणायचे, आणि तो ते नाव पदकासारखं मिरवायचा. त्याने व्हिडिओही काढायला सुरुवात केली होती. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी दोन्ही पंजे कॅमेऱ्यासमोर उघडे धरून म्हणायचा, "आणि खर्च? शून्य!"

ती शिवणकाम करायची. झोपायच्या खोलीत, कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या बोळकांडीत तिचं मशीन होतं. पँटची उंची कमी करा, चेन बदला, कंबर सैल करा, असली कामं. दुसऱ्यांनी शिवलेलं उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आपण मुळापासून काहीतरी शिवावं, कापडाला पहिली कात्री आपली लागावी, ही तिची जुनी हौस. कुणापुढे बोलायची नाही, पण दुकानांच्या काचेतले गाऊन बघताना तिची पावलं आपोआप थांबायची.

आणि मग खरंच तसं जुळून आलं होतं. मोठ्या रस्त्यावरच्या कपड्यांच्या दुकानाच्या मालकीणबाईंची शिवणारी परगावी गेली. त्यांनी हिला बोलावलं. दुकानामागची खोली दाखवली: कापायला लांबलचक टेबल, भिंतभर खिडकी, उजेडच उजेड. "एक नमुना शिवून आणा," बाई म्हणाल्या. "आवडला तर ही खोली तुमची." हातात घेतलं की निसटेल असं गुळगुळीत कापड त्यांनी मोजून, बरोबर एका गाऊनपुरतं दिलं.

घरी येताना ती अक्षरशः तरंगत आली. त्या टेबलावर कात्री कुठे ठेवायची आणि टाचण्यांची डबी कुठे, हेसुद्धा तिने ठरवून टाकलं.

मशीन त्या आठवड्यात जरा हट्टीपणा करत होतं. धागा घट्ट ओढत होतं. तिने ताणाचा खटका सैल केला, फडक्यावर टीप मारून बघितली, टीप छान पडली. फडकं सुती होतं, कारण गाऊनच्या कापडाची चिंधीसुद्धा उरली नव्हती. मशीनच्या आत काय आहे ते बघायचं तिच्या मनातही आलं नाही. ते खातं नवऱ्याचं. लग्न झाल्यापासून तिचं मशीन तोच उघडायचा, पुसायचा, तेल घालायचा, आणि ही एक गोष्ट तो न सांगता, न कुरकुरता करतो, असं ती मैत्रिणींना कौतुकाने सांगायची.

गाऊन देखणा झाला. तिरक्या कापाची, ओढली की ताणणारी शिवण, पण कुठे चुणी नाही की झोळ नाही. बाईंनी तो हँगरला लावला, मागे सरकून बघितला, मान डोलावली. मग दुकानदारांची असते त्या सवयीने त्यांनी कमरेची शिवण दोन्ही बाजूंनी धरली आणि ओढली. धागा तटातटा तुटत गेला. बाईंनी दुसरी शिवण ओढली. तीही तशीच गेली.

"बघायला सुरेख आहे हो," बाई म्हणाल्या. "पण गिऱ्हाईक हे घालून बसणार, नाचणार. माझं नाक कापलं जाईल ना." त्या वाईट बोलल्या नाहीत. वाईट बोलल्या असत्या तर हिला निदान रागावता तरी आलं असतं.

घरी येऊन ती पलंगावर बसली आणि ढसाढसा रडली. नवरा शेजारी उभा राहिला. त्याने पाण्याचा पेला आणून दिला. मग म्हणाला, "अगं, वय होतं माणसाचं. नंबर वाढला असेल. डोळे तपासून घे एकदा."

तिने डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, नंबर होता तोच आहे. त्यामुळे तिला आणखीच भीती वाटली. डोळे ठीक, म्हणजे हातच गेला. सुई बदलली, धागा बदलला, बॉबिन बदलली, तरी नाजूक कापडावर तिचा विश्वास बसेना. एका शेजारणीने भाचीच्या लग्नाचा झगा शिवायला आणला, तर हिने दुखण्याचं निमित्त सांगून परत पाठवला. पुन्हा पँटा, पुन्हा चेनी. दुकान ज्या रस्त्यावर होतं तो रस्ताच तिने टाकला. भाजी आणायलासुद्धा लांबच्या बाजूने जायची.

असे काही महिने गेले. एका दुपारी नणंदेचा फोन आला. नणंद फोनमधून गळ्यातच पडायची बाकी होती. "वहिनी, दादाचा नवा व्हिडिओ बघितलास की नाही? अगं, धमाल चाललाय! तुझ्या मशीनचंही नाव घेतलंय त्याने. बघ, बघ!"

इस्त्री तापत ठेवली होती ती बंद करून तिने व्हिडिओ लावला. नवरा गाडीच्या मागच्या चाकांकडे बोट दाखवत होता. त्याचा आवाज फार खुशीत होता. "तर मंडळी, सगळे विचारतात, मास्तर, तुमची गाडी मागून इतकी अलगद कशी बसते? हे गुपित आज फोडतो. विकतची स्प्रिंग कडक. माझ्याकडे झेरॉक्स मशीनच्या डबाभर आहेत, त्याही कडक. पाहिजे तेवढी मऊ स्प्रिंग कुठे मिळते? शिलाई मशीनमध्ये! धाग्याचा ताण धरते ना, ती. एक घरच्या मशीनमधली काढली, एक भंगारातल्या मशीनमधली. आणि बायकोच्या मशीनला झेरॉक्सची बसवून दिली. तिला पत्ताही नाही!" मग तो हसला. मग गाडी एका उभ्या दगडावर चढली, जराही न डगमगता. "आणि खर्च?" तो म्हणाला.

व्हिडिओखाली लोकांनी हसून हसून लोळण घेतली होती. 'वहिनींना कळलं तर मास्तर खाणीतच राहायला येणार.' 'बायकोचं मशीन म्हणजे सुट्या भागांचं दुकान.' नवऱ्याने प्रत्येकाला हसरा चेहरा पाठवला होता.

तिने तो तेवढा तुकडा पुन्हा लावला. पुन्हा लावला. मग खुर्चीवर बसून राहिली. आधी तिला जे वाटलं तो राग नव्हता, आणि याचं तिला नंतर फार वाईट वाटलं. आधी तिला बरं वाटलं. आपला हात गेलेला नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. राग मागाहून आला, पण आला तो मुक्कामाला.

नवरा संध्याकाळी शीळ घालत घरात शिरला. काखेत गाडी होती. ती मशीनपाशी उभी होती.

"ती स्प्रिंग कधी काढलीत?" तिने विचारलं.

त्याची शीळ थांबली. "कुठली?"

"अहो, व्हिडिओत सगळ्या जगाला सांगितलीत ना, ती."

"ती होय!" तो हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. "झाले की आता कितीतरी दिवस. पण मी दुसरी बसवली होती गं. टीप मारून बघितली होती. चालत होतं."

"कशावर बघितली टीप?"

"होतं काहीतरी. फडकं."

"गाऊनच्या आधी काढलीत की नंतर?"

त्याने गाडी टेबलावर ठेवली. तिचं चाक उगाच बोटाने फिरवलं. "आधी," तो म्हणाला.

"आणि मी रडत आले तेव्हा तुम्हाला कळलं होतं."

"शंका आली होती. तशी खात्री नव्हती."

"शंका आली, तर बोलला का नाहीत?"

"तू केवढी रडत होतीस! त्यात आणखी हे कुठे सांगू? म्हटलं, शांत झालीस की सांगू. मग तू शांत झालीस, तर म्हटलं, आता कशाला खपली काढा." त्याला हे बोलणं अगदी समंजसपणाचं वाटत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"मग मला डोळे तपासायला का पाठवलंत?"

  तो एकदम कामाला लागला, जसा नेहमी लागायचा. पेचकस आणला, गाडीचं मागचं चाक सोडवलं, स्प्रिंग काढली, पुसली. मशीनचा खटका उघडून त्यातली कडक स्प्रिंग बाहेर, ही आत. "बघ, दोन मिनिटांचं काम," तो म्हणाला. "झालं पहिल्यासारखं."

तिने कपाटातून एक जुनी रेशमी ओढणी काढली, तिरकी दुमडली आणि टीप मारली. दोन्ही टोकं धरून ओढली. शिवण ताणली गेली, आणि सोडल्यावर जागेवर आली. तिने आणखी जोरात ओढली. धागा तुटला नाही. नवरा बाजूला उभा राहून शाबासकीची वाट बघत होता.

"व्हिडिओ काढून टाकू का?" शेवटी त्याने विचारलं. "तुला वाईट वाटत असेल तर टाकतो."

"खबरदार," ती म्हणाली. "माझ्या हाताची चूक नव्हती, हे तेवढ्या एकाच ठिकाणी कुणीतरी बोललंय."

तिने फोन घेतला आणि दुकानाच्या बाईंना व्हिडिओ पाठवला. त्याखाली लिहिलं. लिहिलेलं दोनदा खोडलं, कारण एकदा ते रडगाणं वाटलं आणि एकदा भांडण. शेवटी साधंच लिहिलं: 'तुमच्या गाऊनची शिवण तुटली ती मशीनमधल्या या बदललेल्या कडक स्प्रिंगने धागा फार ताणला म्हणून. माझे मिस्टर स्वतः सांगत आहेत. आता मशीन नीट आहे. पुन्हा एक नमुना शिवून द्यायची माझी तयारी आहे, कापड मी माझं घेईन.'

संदेश पोहोचल्याची खूण आली. बाईंनी वाचल्याचीही आली. ती फोन हातात धरून उभी राहिली. नवराही जागचा हलला नाही. आपल्यामुळे गेलेलं आता आपल्याच व्हिडिओमुळे परत येणार, अशी आशा त्याला लागली असावी. तिलाही लागली होती. खोटं कशाला बोला, त्या मिनिटभरात तिने त्या लांब टेबलापाशी खुर्चीसुद्धा ओढून घेतली होती.

बाईंचा आवाजी निरोप आला. तिने तो मोठ्याने लावला, नवऱ्यालाही ऐकू जावा म्हणून.

"अहो, किती गोड व्हिडिओ!" बाई हसत होत्या, मागे दुकानाची गडबड ऐकू येत होती. "आम्ही सगळ्यांनी इथे काउंटरवर बघितला. कमाल आहे तुमच्या मिस्टरांची, काय डोकं चालतं! आणि त्या गाऊनचं काय घेऊन बसलात, मी तर केव्हाच विसरले. आता आहे ती मुलगी बरं शिवते. बरं, ऐका ना, माझ्या पुतण्याला अशाच गाडीचा भयंकर नाद आहे. मिस्टर एक करून देतील का? विचारून सांगा हं."

निरोप संपला. नवऱ्याने मान खाली घातली होती, पण खाली घातलेल्या मानेनेही त्याला हसू आवरत नव्हतं. तिने ते बघितलं. आपण बघितलं हे त्यालाही कळलं, आणि त्याने घाईघाईने तोंड सुतकी केलं.

"मग," तो हळूच म्हणाला, "काय कळवतेस त्यांना?"

"तुम्ही हो म्हणालात, असं कळवते," ती म्हणाली, आणि खरंच तसं लिहून पाठवून तिने इस्त्री पुन्हा तापत ठेवली. शेजाऱ्यांना त्यांची पँट आजच हवी होती.