लाल तोंडाची म्हणे मी!

माझ्या तोंडावर दोन लाल पट्टे आहेत. माझ्या बेटावर लाल पट्ट्यांची जिवंत माशी कोणीही, कधीही पाहिलेली नाही.

मी एक जुनी रानमधमाशी आहे. संग्रहालयाच्या खणात टाचणीवर बसलेली. मित्रांनो, माझ्याकडे मध मागू नका. आमच्यात ना पोळे, ना राणी. मी एकटीने पोकळ काडीत घर केले, एकटीने परागकण वाहिले. एकदा जाळीत सापडले आणि विषाच्या बाटलीत गेले. मला पकडणारे सर आज या संग्रहालयाचे प्रमुख आहेत. त्यांनी माझे वर्णन छापले: ‘नवी प्रजाती, चेहऱ्यावर लाल पट्टे.’ कौतुक झाले. पाहुणे भिंगातून मला पाहून गेले.

पुढे लाल माशी पुन्हा सापडेना. बेटावर पिवळ्या पट्ट्यांच्या माश्या होत्या. पण त्या समोरच्या किनाऱ्यावरच्याच नेहमीच्या, असे सर्वजण न तपासता धरून चालले. माझ्या चिठ्ठीवर ‘नामशेष’ असा शेरा आला. मग बेटावरची झुडपे तोडून बोटींसाठी धक्का बांधायचे ठरू लागले. जी माशी उरलीच नाही, तिच्यासाठी झुडपे कोण राखणार?

नामशेष! तेही माझ्या देखत!

सरांची पुतणी इथेच संशोधक आहे. तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली धरले.

“काका, हिची पाठ पाहिलीत?”

“पाठ काय बघतेस? तोंड बघ. लाल आहे ना?”

“तोंडावर जाऊ नका. पाठीवर खड्डे आहेत बारीक बारीक. बेटावरच्या पिवळीलाही अगदी असेच आहेत. किनाऱ्यावरचीला एकही नाही.”

“मग हिने काय लाली लावलीय?”

“ते तुम्हीच सांगा. बाटलीतून हिला कधी काढलंत?”

“घरी पोचल्यावर. मला बोट लागली होती गं! पिशवी उघडायची शुद्ध होती कुणाला?”

पुतणीने बेटावर फुलाखाली मरून पडलेली एक पिवळी माशी आणली आणि त्याच विषाच्या बाटलीत बंद ठेवली. काढली तेव्हा तिचे पट्टे माझ्यासारखेच लाल होते. ‘नामशेष’ हा शेरा सरांनी स्वतःच्या हाताने खोडला. झुडपे राहिली.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. आम्ही आहोत, आणि राहणार. तुम्ही पोकळ काड्या तेवढ्या मोडू नका. आणि कोणाला संपलेले ठरवण्याआधी नीट पाहा.

माझा खरा रंग पिवळा. बाटली फार वेळ बंद राहिली, म्हणून विषाने तो लाल केला.