थ्रॅपचे बारा आणि सूर्याचे बारा

डॉर्कस पिल गिरजाघराच्या दारात तासभर ताटकळत उभी होती आणि नवऱ्यामुलाचा पत्ता नव्हता. नवरामुलगा म्हणजे काही विशीतला पोरगा नव्हे हो. चांगला पन्नाशीचा घड्याळजी, आम्ब्रोज थ्रॅप. हीसुद्धा चाळिशीची विधवा, पाव भाजून पोट भरणारी. दोघांनी सात वर्षं नुसतं ‘पुढच्या वर्षी बघू’ केलं होतं. आजचा मंगळवार हातचा गेला की उद्यापासून लेंटचे उपास लागणार आणि ईस्टरपर्यंत लग्न बंद. शिवाय लग्न लागायला हवं ते दुपारी बाराच्या आत. बारा वाजून गेले की खुद्द राजा आला तरी पाद्री पुस्तक उघडायचा नाही.

“ईस्टरनंतर मला विचारू नका,” तिनं कालच थ्रॅपला बजावलं होतं. “मी ब्रिस्टलला भावाकडे जाईन.” ती नुसती धमकी नव्हती. गाडीवाल्याशी तिचं बोलणंही झालं होतं.

तेवढ्यात टेकडीखालच्या थ्रॅपच्या दुकानातून बाराचे टोले ऐकू आले. पण उपासाआधीचे पॅनकेक तव्यावर टाकून लग्न बघायला आलेल्या बायकांनी गिरजाघराच्या भिंतीवरच्या सूर्यतबकडीकडे पाहिलं आणि त्या फिदीफिदी हसल्या. सावली अजून बाराच्या बरीच अलीकडे होती.

हे गावात नेहमीचंच. पानगळीच्या दिवसांत थ्रॅपचं घड्याळ तबकडीच्या पाव तास मागे होतं, आता तेवढंच पुढे. तुम्हीआम्ही असतो तर गुपचूप काटा सरकवला असता. थ्रॅपनं काय करावं? भर रविवारी पाद्री हॉस्किन्सच्या तोंडावर सांगितलं, की घड्याळ बरोबर आहे, सूर्यच वर्षभर एकसारखा चालत नाही! देवाच्या सूर्याला नावं ठेवली म्हणून पाद्रीबाबांचं तोंड तेव्हापासून फुगलेलं.

आणि खरं सांगायचं तर थ्रॅपचं बरोबर होतं. डॉर्कसला ते पक्कं ठाऊक होतं. थंडीनं कुडकुडत त्याच्या छपरावर बसून, घड्याळ ताडून पाहायला ताऱ्यांच्या वेळा तिनंच तर टिपून दिल्या होत्या.

शेवटी थ्रॅप टेकडी चढून आला. एका पायातला मोजा घोट्यावर, टोपी काखेत.

“कुठे कडमडला होतात?” डॉर्कस कडाडली.

“कुलूप!” त्याला धाप लागली होती. “दुकानाच्या दाराचं माझं नवीन कुलूप हो, घड्याळाला जोडलेलं. तासाचा टोला पडला की क्षणभर उघडतं, एरवी चोराच्या बापालाही दाद देत नाही. अकराचा टोला पडला तेव्हा मी मोजा शोधत होतो. मग काय, बारापर्यंत आतच!”

“अहो, मग काटा पुढे ढकलायचा होता!”

थ्रॅपनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्याला देवाची दानपेटी फोडायला सांगितली. “खोटी वेळ लावू?”

डॉर्कसनं कपाळावर हात मारला. या माणसाशी लग्न करायला आपण नटूनथटून आलोय, या विचारानं तिचं तिलाच हसू आलं आणि रडूही.

पाद्री हॉस्किन्स दारात येऊन उभे राहिले. इतके खूष ते नाताळालाही नसत.

“या, थ्रॅपमहाशय! माझ्या तबकडीवर बाराला सहा मिनिटं आहेत. तुमचे बारा मात्र केव्हाच वाजले. आता सगळ्यांसमोर सांगा, खरे बारा कुणाचे? तबकडीचे असतील तर आत चला. तुमचे असतील तर ईस्टरनंतर भेटू.”

थ्रॅप आधी पांढराफटक पडला, मग लालबुंद झाला. त्यानं तबकडीकडे पाहिलं, डॉर्कसकडे पाहिलं. सात वर्षं तिनंच बोलून पाहिलं होतं. आता याची पाळी.

“तबकडी...” थ्रॅपनं काखेतली टोपी मुठीत चुरगळली. “तबकडी बरो...”

त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि डॉर्कसचं काळीज अगदी पिळवटून निघालं. स्वतःच्या दुकानात तासभर कोंडून घेतलं पण काटा हलवला नाही, असा हा माणूस. आज तिच्यासाठी गावासमोर खोटं बोलायला निघाला होता. बस्स, तिला एवढंच हवं होतं.

“गप्प बसा तुम्ही!” ती त्याला म्हणाली आणि पाद्र्याकडे वळली. “पाद्रीबाबा, यांचं घड्याळ बरोबर आहे. मी स्वतः पडताळलंय. पण गिरजाघर चालतं तबकडीवर, होय ना? तुमची तबकडी म्हणते अजून वेळ आहे. आता लग्न लावलं नाहीत, तर तबकडीवर तुमचाच विश्वास नाही असं गाव म्हणेल. मी तर सगळ्यांत आधी म्हणेन.”

हॉस्किन्सनी वर सावलीकडे पाहिलं. ती काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हती.

“आत चला लवकर!” ते खेकसले.

मग त्यांनी प्रार्थना अशा भराभर म्हटल्या, की निम्म्या घशातच राहिल्या. अंगठी चढली. दोघांनी ‘होय’ म्हटलं. घाम पुसत हॉस्किन्सनी नोंदवही उघडली.

“उद्या बिशपनं विचारलं तर? वेळ कुठली लिहू?”

थ्रॅप काही बोलणार, इतक्यात डॉर्कसनं त्याचा हात घट्ट दाबला.

“लग्न लागलं, एवढंच लिहा,” ती म्हणाली.