पहिल्या रांगेतली टोपी

लेआर्कोच्या किनाऱ्यावर माणसाला एक रांग पुढे सरकायचं तर एकच मार्ग होता: पुढच्यानं मरायचं.

इटलीतल्या रिमिनीच्या वरच्या अंगाला असे बान्यो एकमेकांना खेटून उभे आहेत. वाळूचा एकेक पट्टा, त्यावर छत्र्यांच्या रांगा, मागे कपडे बदलायच्या खोल्या आणि बार. पण लेआर्कोसारखी फळी दुसऱ्या कुणाकडे नाही. दुसरं महायुद्ध संपल्या संपल्या म्हाताऱ्या लेआर्कोनं शेतात पडलेल्या हवाई छत्र्यांचं रेशीम फाडून वाळूतल्या छत्र्या शिवल्या, आणि पहिल्याच उन्हाळ्यात जागेवरून दोन बायका झिंज्या उपटायला निघाल्या तेव्हा त्यानं फळी रंगवून बारवर ठोकली. ‘जागा मरेपर्यंत. मेल्यावर मागच्याची.’ लेआर्को गेला, आता त्याची मुलगी इरीदे बान्यो बघते, पण फळीचा एक खिळाही हललेला नाही.

त्यामुळे इथे एकमेकांच्या तब्येतीची चौकशी फार. दुसऱ्या रांगेतला पहिल्या रांगेतल्याला रोज सकाळी विचारणार, ‘झोप लागली का?’ आणि लागली म्हटलं की याचं तोंड उतरणार. तिसऱ्या रांगेतल्या फोर्लीच्या औषधवाल्यानं दुसऱ्या रांगेतल्या देल्मोचं रक्त तीनदा फुकट तपासून दिलं होतं, आणि तिन्ही वेळा आकडे बघून हिरमुसला होता.

देल्मोला सहाव्या रांगेतून दुसऱ्या रांगेत यायला चौतीस उन्हाळे आणि चार मयती लागल्या. चारही मयतींना तो काळा टाय लावून गेला आणि चारही वेळा मनापासून रडला, हे कबूल केलं पाहिजे. आता त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये एकच माणूस उरलं होतं. सिन्योरा आर्जिया. वय चौऱ्याण्णव. लेआर्कोची पहिली रेशमी छत्री ज्या पोरीनं घेतली ती हीच. तिची टोपी एवढी मोठी की एका जुलैत तिच्या सावलीत दोन जर्मन दिवसभर झोपले आणि संध्याकाळी इरीदेकडे भाडं विचारायला आले.

बुधवारी सकाळी देल्मोची बायको नीव्हेस आरामखुर्चीत न बसता त्याच्या समोर उभी राहिली.

“देल्मो, चौतीस वर्षं मी समुद्राच्या नावाखाली एका बाईची टोपी बघतेय.”

“चांगली टोपी आहे.”

“शेजारच्या ‘सात शिडं’ बान्योत पहिल्या रांगेत छत्री मिळतेय. शनिवारी दुपारी बारापर्यंत हो-नाही सांगायचंय. मी हो सांगणार.”

“तिथे कोण ओळखतं आपल्याला?”

“इथे ओळखतात ते काय कामाचे? आपल्या मरणावर डोळा ठेवून आहेत.” तिनं मागे औषधवाल्याकडे बघितलं. त्यानं हात हलवला. “तुला यायचं तर ये. नाही तर तू इथे, मी तिथे. मध्ये दोरी आहे, मीठबीठ लागलं तर मागून घे.”

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झालेली बायको दोरीपलीकडे बसणार आणि अख्खा किनारा ते बघणार, या विचारानं देल्मोच्या हातातली कॉफी गार झाली. दुसरीकडे जायचं म्हणजे चार मयती पाण्यात. त्यानं आर्जियाच्या पाठीकडे बघितलं. पाठ हलली नाही. आणि त्याच क्षणी त्याच्या मनात पाल चुकचुकली.

देल्मोनं एकतीस वर्षं फाएन्झा शहरातली पाण्याची मीटरं वाचली होती. त्या धंद्यात माणूस एकच गोष्ट शिकतो. मीटरचा काटा हलत नाही आणि परसात टोमॅटो मात्र लालबुंद, म्हणजे पाणी कुठून तरी चोरून येतंय.

आर्जियाचा काटा दोन वर्षांपासून हलत नव्हता. पूर्वी ती कलिंगडाच्या बिया अशा थुंकायची की लाटा दोन हात मागे सरत. आता पीच खायची, तेही सुरीनं कापून. पूर्वी जेवणानंतर घड्याळ लावून दोन तासांनी पाण्यात उतरायची. आता पायाचा अंगठाही भिजवत नव्हती. पूर्वी रोज देल्मोची जोडीदार होऊन पत्ते खेळायची. मागच्या मागच्या ऑगस्टमध्ये तिची भाची देर्ना येऊन म्हणाली, मावशीला आता ऐकू येत नाही, पत्ते बंद. तेव्हापासून आर्जिया देल्मोशी एक शब्दही बोललेली नव्हती. आणि देर्ना मात्र रोज अकरा वाजता दोन आइस्क्रीमं घेऊन जाते.

“टोमॅटो,” देल्मो म्हणाला.

“काय?”

“नीव्हेस, आर्जिया मेलीय.”

नीव्हेसनं पुढे बघितलं. “मग पीच कोण खातंय?”

“कुणीतरी बहीण, चुलतबहीण. टोपी घातली, काळा चष्मा लावला की सगळ्या म्हाताऱ्या सारख्याच. जागा सुटू नये म्हणून देर्नानं आणून बसवलीय. मावशीला म्हणे ऐकू येत नाही. का? तर कुणी बोलायला जाऊ नये म्हणून.”

“अंगठी तीच आहे की.”

“अंगठी मेल्यावर काढता येते.”

तो तडक बारमध्ये गेला. इरीदे ग्लास पुसत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, कारण उन्हाळ्यात असं काही ना काही तिला रोजच ऐकावं लागतं.

“मेल्याचा दाखला आण,” ती म्हणाली, “लगेच खुर्ची उचलते.”

“आणि ती जिवंत आहे याचा दाखला तू बघितलास का?”

“देल्मो, ती सकाळी मला ‘कॉफी पाणचट आहे’ म्हणाली.”

“ते कुणीही म्हणेल.”

यावर इरीदेनं दुसरा ग्लास घेतला.

गुरुवारी नीव्हेसनं त्याला हाताला धरून सात शिडांमध्ये नेलं. तिथे वाळू चाळणीनं चाळल्यासारखी होती. समुद्रापासून तीस पावलांवर पोहायचा तलाव होता, आणि लोक समुद्राकडे पाठ करून त्यात बसले होते. पांढऱ्या सदऱ्यातला एक हसरा माणूस पुढे आला. देल्मोनं आधी छत्र्यांमधलं अंतर पावलांनी मोजलं. भरलं. मग खुर्ची उलटी करून खालचं कापड दाबून बघितलं. नवं. मग शॉवरखाली हात धरला. पाणी गरम, आणि वरून फुकट.

“हे फुकट कसं परवडतं तुम्हाला?”

“आमच्या पाहुण्यांसाठी, सिन्योर.”

“आणि पहिल्या रांगेतली ही जागा रिकामी कशी? कोण मेलं?”

“कुणी नाही. आम्ही एक रांग वाढवली.”

देल्मोनं नीव्हेसला बाजूला घेतलं. “ऐकलंस? रांग वाढवली म्हणे. कुणी मेलंही नाही आणि जागा रिकामी. यात काहीतरी आहे.”

“यात खोट कुठे आहे ते दाखव.”

“दिसत नाही, म्हणजे मोठी आहे.”

नीव्हेस खुर्चीत बसली. समोर टोपी नव्हती. पाणी थेट तिच्या पायांपासून सुरू होऊन दूर धूसर होत गेलं होतं, आणि एक पिवळं शीड तिकडे हळूहळू सरकत होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. चव्वेचाळीस वर्षांत इतका वेळ गप्प बसलेली नीव्हेस देल्मोनं पहिल्यांदाच पाहिली, आणि तो खरा घाबरला.

रात्रभर विचार करून त्यानं पुरावा कसा काढायचा ते ठरवलं. बेक्काचिनो. या रोमान्या भागातल्या माणसाचं आधारकार्ड म्हणजे हा पत्त्यांचा खेळ. चौघं, दोन जोड्या, आणि तोंडाला कुलूप. बोलायला बंदी, पण टेबल ठोकायला मुभा. जोडीदारानं पान टाकून ठोकलं की आपण त्या रंगाचं सगळ्यात मोठं पान टाकायचं आणि हात जिंकून आणायचा. मोठं पान म्हणजे एक्का नव्हे, तिर्री. प्रत्येकाचं ठोकणं वेगळं असतं, आणि आर्जियाचं तर असं की एकदा शेजारच्या टेबलावरच्या माणसाची कवळी उडाली होती. सोंगाला टोपी घालता येईल. हात कुठून आणणार?

शुक्रवारी तो विचारायला गेला तर देर्ना मध्ये आली. “मावशीला ऐकू येत नाही हो.”

“ऐकायचंय कुठे? ठोकायचंय.”

“नको म्हणतेय ती.”

“ती कुठे काय म्हणाली?”

शेवटी नीव्हेस गेली. ती आर्जियाच्या कानाशी वाकून अगदी हळू काहीतरी बोलली. टोपी वर-खाली झाली. देल्मो चमकला. बहिऱ्या बाईला कुजबूज ऐकू आली? संशयाची आणखी एक नोंद त्यानं मनात करून ठेवली.

जेवणं झाल्यावर बारच्या मांडवाखाली चौघं बसले. देल्मो आणि आर्जिया एक जोडी, विरुद्ध नीव्हेस आणि इरीदे. औषधवाला उभ्या उभ्या बघायला आला. काळ्या चष्म्याआड काय आहे ते देल्मोला दिसेना. त्याच्या हातात पानं आली, आणि त्यात पेल्यांच्या रंगाची तिर्री होती.

आर्जियानं पेल्यांची चौकी टाकली आणि मूठ हाणली.

कपबशा उडाल्या. इरीदेच्या हातून दोन पानं सांडली. फळीखालच्या खिळ्यातून थोडा गंज पडला, असं औषधवाला अजून सांगतो.

देल्मोच्या काळजात लख्ख झालं. तीच आहे. पण एकतीस वर्षांची सवय अशी एका ठोक्यानं जात नाही. देर्नानं शिकवलं असेल तर? हिवाळाभर स्वयंपाकघरात तालीम केली असेल तर? त्यानं ठरवलं, एक शेवटची परीक्षा. त्यानं तिर्री तशीच हातात ठेवली आणि पेल्यांची पंजी टाकली. खोटी आर्जिया गप्प बसेल.

इरीदेनं राजा टाकून हात उचलला. आर्जियानं सावकाश चष्मा काढला, घडी करून ठेवला. तिचे डोळे खारवलेल्या मासळीसारखे फिकट होते आणि ते सरळ देल्मोवर लागले होते.

“तिर्री तुझ्याकडे आहे,” ती म्हणाली.

“सिन्योरा, तुम्हाला ऐकू—”

“दोन वर्षांपूर्वी, सांता मारियाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, मी पेल्यांवर ठोकलं होतं. तिर्री तुझ्याकडे होती. तू टाकली नाहीस. का?”

देल्मोची मान खाली गेली. “मला वाटलं, तुम्ही काहीतरी लपवताय.”

“जोडीदारावर संशय. ऐकलंस, देर्ना? चार पिढ्यांबरोबर खेळले, असला माणूस नाही पाहिला. म्हणून मी बहिरी झाले. नाही म्हणायला तोंड होत नव्हतं, आणि रोज याच्याबरोबर खेळले असते तर खरंच मेले असते.”

“त्याला वाटतंय तुम्ही मेलात,” नीव्हेस म्हणाली. “तुमच्या जागी बहीण बसवलीय.”

आर्जिया हसली नाही. तिनं विचार केला. “बहीण इतकी सुंदर नव्हती.” मग नीव्हेसकडे वळली. “आणि तू मला सांगितलंस, एक डाव खेळा, मग मी याला शेजारी घेऊन जाते, तुमची सुटका. कशासाठी जातेस?”

“समुद्र बघायला.”

“समुद्र?” म्हातारीनं नाक मुरडलं. “सकाळी सहापासून रांगेनं माणसं फिरतात माझ्या नाकासमोरून. चेंडू येतात, ओले कुत्रे अंग झाडतात, प्रत्येक आई म्हणते ‘सिन्योरा, जरा चपला बघा.’ पाण्याची ओल गुडघ्यात शिरते. वीस वर्षं झाली मला मागे जायचंय.”

“मग बोलला का नाहीत?” देल्मोनं विचारलं.

“विचारलं कुणी? सगळे माझा खोकला मोजत बसलात.”

चौघांनीही वर फळीकडे बघितलं. औषधवाल्यानं तर मोठ्यानं वाचली. जिवंतपणी अदलाबदल करू नये असं तीवर कुठेच नव्हतं. इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“माझी अट एक,” आर्जिया म्हणाली. “उद्यापासून माझी जोडीदार नीव्हेस. हा खेळणार नाही. हा बघेल.”

शनिवारी पावणेबारा वाजता नीव्हेसनं शेजारी निरोप पाठवला: नको. मग ती पहिल्या रांगेत बसली आणि पुन्हा गप्प झाली. देल्मोनं तिच्याकडे चोरून बघितलं.

“काय दिसतंय?”

“पाणी.”

“बस्स?”

“गप्प बस जरा.”

तो गप्प बसला. चौतीस वर्षांचं सार्थक झालं होतं, शीड होतं, वारा होता. पण मानेला मागून काहीतरी टोचत होतं. त्यानं सावकाश वळून बघितलं. मागे, त्याच्या जुन्या जागी, ती टोपी होती.

“देर्ना,” टोपीखालून मोठ्यानं आवाज आला, “याचं ब्लडप्रेशर किती असतं गं?”

“औषधवाल्याला विचारते, मावशी.”

देल्मोच्या तोंडचं पाणी पळालं. जागा मरेपर्यंत. मेल्यावर मागच्याची. “नीव्हेस, ही फसवणूक आहे. मी मेलो की जागा परत तिची.”

“तिला नकोय रे ती.”

“असं ती म्हणते.”

थोड्या वेळानं देर्ना कागदाच्या पुडीत तळलेली कालामारी, माकुळाच्या चकत्या, घेऊन आली. मावशीनं पाठवलीय, गरम आहे, वरून मीठ घातलंय. देल्मोनं एक तुकडा उचलून उन्हात धरला, वास घेतला, परत ठेवला. नीव्हेसनं सगळी पुडी संपवली आणि बोटं चाटली.

दुपारी जेवणानंतर त्याचा डोळा लागला. मागून खुर्चीच्या दांड्यावर मूठ आदळली, अशी की त्याच्या चपला उडाल्या. क्षणभर त्याला वाटलं, मेल्याचं सोंग घ्यावं, बघू या म्हातारी काय करते. पण मग त्याला ती तिर्री आठवली. देल्मोनं निमूटपणे हात वर केला आणि आपली टोपी उचलून दाखवली.

“आहे अजून,” मागून आर्जिया म्हणाली. “पानं वाट, नीव्हेस.”